शटर जड झालंय, मोटर बसवू का?

या वेळच्या टपालात दरवाज्यांचीच गर्दी आहे. बावन्न दरवाज्यांच्या शहरात त्याचं नवल नाही. भडकल गेटला रिमोट लावा, असं अजून कोणी सुचवलं नाही एवढंच. प्रश्न आहेत ते घरच्या पार्किंगच्या शटरचे आणि सोसायटीच्या गेटचे. त्यातले चार घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण पुढच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच येऊन जातात.

प्रश्न : आम्ही सातारा परिसरात राहतो. पार्किंगला दहा फूट रुंद, आठ फूट उंच लोखंडी शटर आहे. पंधरा वर्षांत ते इतकं जड झालंय की मला उचलत नाही आणि यांची कंबर धरते. मध्यंतरी मुलीकडे टेक्सासला तीन महिने राहून आलो. तिच्या गॅरेजचं दार दोन गाड्यांचं, आमच्या शटरच्या दीडपट रुंद. जावई गाडीत बसूनच बटण दाबतात आणि ते वर सरकतं. मोटर पाहिली तर एवढीशी, वर अर्धा हॉर्सपॉवर लिहिलेलं. इथे चौकशी केली तर एक जण ३०० किलोची मोटर सांगतो, दुसरा म्हणतो ५०० चीच बसवा, पुढे कटकट नको. तिकडचं मोठं दार छोट्या मोटरला झेपतं आणि आमच्या छोट्या शटरला मोठी मोटर लागते, हे कसं? आणि वीज गेली तर गाडी आतच अडकणार का?

उत्तर : कोड्याची मेख अशी की तुमच्या लेकीकडचं दार मोटर उचलतच नाही. ते उचलते स्प्रिंग.

अमेरिकेतलं ते दार आडव्या पट्ट्यांचं असतं. पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात आणि रुळावरून वळून छताखाली जाऊन बसतात. असं दार जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९२१ मध्ये तिकडे आणलं आणि १९२६ मध्ये त्यालाच विजेवर चालणारं यंत्र जोडलं. दाराच्या वर, भिंतीलगत, एका दांड्यावर जाड स्प्रिंग पिळून बसवलेली असते. दार खाली येताना ती आणखी पिळली जाते आणि दाराचं वजन स्वतःत साठवते. दार वर जाताना तेच परत करते. स्प्रिंग बरोबर लावलेली असेल तर दाराचं ओझं आणि स्प्रिंगची ओढ जवळजवळ सारखी असते. तराजूची दोन्ही पारडी सारखी झाली की कोथिंबिरीच्या काडीनेही एक बाजू झुकते, तसं. मोटरला उरतं ते फक्त रुळाचं घर्षण आणि दाराला हलवायला लागणारा पहिला धक्का. वीज नसताना दोरी ओढून मोटर सोडवली तर तुमचा नातूसुद्धा ते दार एका हाताने वर करू शकेल. एखाद्या दिवशी ती स्प्रिंग तुटली की तीच मोटर दार इंचभरही हलवू शकत नाही. तिकडच्या साध्या स्प्रिंगा सुमारे दहा हजार उघडझापी काढतील अशा हिशोबाने केलेल्या असतात. दिवसाला चार धरल्या तर पावणेसात वर्षं. मुलीला विचारून पाहा, एकदा तरी बदलली असेल.

आता तुमचं शटर. १८ गेजचा पत्रा म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाड. ८० चौरस फूट सपाट पत्र्याचंच वजन सत्तर किलोच्या घरात जातं. पट्ट्यांच्या कडा वळवून एकमेकींत अडकवलेल्या असतात, शिवाय खालची जाड पट्टी. सगळं मिळून शंभर किलोच्या आसपास धरा. शंभर किलो माणूस हाताने उचलू शकत नाही. तरी तुम्ही पंधरा वर्षांपूर्वी ते उचलत होतात. म्हणजे तुमच्याही शटरला स्प्रिंगा आहेत. वरच्या पत्र्याच्या आवरणाआड जो पाइप आहे, त्याच्यावर गोल डब्यांत त्या गुंडाळून बसवलेल्या असतात. शटर गुंडाळलं जातं तेही याच पाइपावर.

म्हणून ‘शटर जड झालं’ हे म्हणणं थोडं दुरुस्त करायला हवं. पत्र्याचं वजन पंधरा वर्षांत वाढलेलं नाही. स्प्रिंगा सैल पडल्या किंवा त्यातली एखादी तुटली, आणि जो भार त्या वाहत होत्या तो तुमच्या यांच्या कमरेवर आला. त्यात दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये धूळ आणि जुनं ग्रीस मिळून काळा चिखल साचलेला असतो. पार्किंगमध्ये स्कूटर लावताना कधीतरी हॅन्डल लागून गाइड आत दबलेली असते. या तीन गोष्टी तपासल्याशिवाय मोटर लावणं म्हणजे दुखण्यावर उपचार न करता हमाल लावण्यासारखं आहे.

तपासायची रीत सोपी आहे. शटर कमरेएवढं वर करा आणि हात हळूच सैल करा. पाय पट्टीखाली ठेवू नका आणि जवळ दुसरं माणूस असू द्या. जागेवर थांबलं तर तोल ठीक आहे. खाली आपटायला लागलं तर स्प्रिंग सैल. आपोआप वर धावलं तर जास्त आवळलेली. सैल असेल तर शटरवाल्याला बोलावून स्प्रिंगा आवळून किंवा बदलून घ्या, पण ते काम घरी करू नका. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हाताचं हाड मोडतं. अनुभवी शटरवालाही ते करताना तोंड बाजूला ठेवतो.

एवढं झाल्यावर शटर पुन्हा तुम्हाला उचलता आलं, तर मोटर हवीच का हा निर्णय थंड डोक्याने घेता येईल. माझं मत विचाराल तर गुडघे-कंबरेची तक्रार असलेल्या घरात मोटर जरूर बसवावी. फक्त ती तोल साधलेल्या शटरवर बसवावी.

आता किलोंचा घोळ. तिकडच्या मोटरवर हॉर्सपॉवर लिहिलं होतं, इथे किलो सांगतात. दोन्ही वेगळी मापं आहेत. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३७० वॉट, म्हणजे दर सेकंदाला किती काम होतं त्याचं माप. ३०० किलो म्हणजे किती वजन ओढवेल त्याचं माप. मध्ये गिअर घालून वेग कमी केला की लहान मोटरही मोठं वजन हळूहळू उचलते. ३०० किलोवाली मोटरही आत काहीशे वॉटांचीच असते. तेव्हा ‘अमेरिकेची छोटी, आपली मोठी’ ही तुलना मुळातच जुळत नाही.

इथे शटरसाठी मुख्यतः दोन तऱ्हेच्या मोटरी मिळतात. एक पाइपाच्या मधोमध बसते. ती स्प्रिंगवाल्या, हाताने चालणाऱ्या शटरसाठी असते आणि स्प्रिंगवर विसंबून काम करते. दुसरी बाजूच्या ब्रॅकेटवर बसते आणि साखळीने पाइप फिरवते. ती गोदामं, शोरूम यांसारख्या मोठ्या आणि बहुधा बिनस्प्रिंगच्या शटरसाठी असते. सगळं वजन तीच पेलते, म्हणून तिच्यावर किलो लिहिलेले असतात. तुम्हाला ३०० आणि ५०० सांगणाऱ्या दोघांनी ही दुसरी जात धरली आहे. शंभर किलोच्या शटरला वजनाच्या दीडपट क्षमता पुरते, म्हणजे ३०० किलोचीसुद्धा सढळ झाली. ५०० चा आग्रह धरणाऱ्याला विचारा की त्याने शटरचं वजन काढलं का. न काढता आकडा सांगितला असेल तर तो कटकट स्वतःची वाचवतो आहे.

मोठी मोटर म्हणजे जास्त सुरक्षित, हाही एक गैरसमज. मोटर जितकी दणकट, तितकं वाटेत काही अडकल्याचं तिला उशिरा कळतं. गाइड वाकलेली असेल तर छोटी मोटर थांबते, मोठी पट्ट्या चेपून पुढे जाते. शिवाय बाजूच्या मोटरचं वजन आणि ओढ दोन्ही ब्रॅकेटवर येतात. ते नुसत्या विटांच्या भिंतीत अँकर बोल्टने बसवलं तर दोन वर्षांत प्लास्टर सोडतं. काँक्रीटच्या कॉलमात किंवा लिंटलमध्ये बसवायला सांगा.

वीज गेली तर गाडी अडकत नाही. बाजूच्या मोटरला हाताने ओढायची साखळी असते, मधल्या मोटरला सोडवायची तार किंवा चावी. पण ही तार बहुतेक वेळा आतल्या बाजूला असते. पार्किंगमध्ये जायला घरातून दुसरं दार नसेल तर बाहेरून सोडवता येईल अशी सोय मागून घ्या. आणि मोटर बसली त्याच दिवशी, उजेडात, घरातल्या प्रत्येकाने एकदा हाताने शटर उघडून पाहावं. महावितरणची वीज रात्री अकराला गेल्यावर टॉर्च तोंडात धरून ते शिकण्यात मजा नाही. घरच्या इन्व्हर्टरवर ही मोटर टाकायचा मोह टाळा. सुरू होताना मोटर तिच्या नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यात इन्व्हर्टर जुना चौकोनी लहरींचा असला तर ती घुरघुरते, तापते आणि शटर मात्र हलत नाही.

एक अपघात मात्र सर्रास होतो आणि तो विजेमुळे नाही. शटरच्या खालच्या पट्टीला कुलूप लावलेलं आहे हे विसरून कोणीतरी बटण दाबतं. वरून मोटर ओढते, खालून कुलूप धरून ठेवतं. मध्ये पट्ट्या ताणल्या जातात, खालची पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि शटरवाल्याचं बिल नव्या शटरच्या निम्म्यावर जातं. यावर उपाय दोन. कुलपाच्या दांड्याला असा स्विच बसवून घ्यायचा की कुलूप लागलेलं असताना मोटरला वीजच मिळणार नाही. नाहीतर कुलूप काढून ठेवून मोटरच्या ब्रेकवर भरवसा टाकायचा. पहिला उपाय बरा, कारण विसरणं हा माणसाचा धर्म आहे.

दुसरी काळजी लहान मुलांची. अमेरिकेत घरच्या गॅरेजच्या दाराखाली सापडून मुलं दगावली, तेव्हा तिथल्या सरकारने नियम कडक केले. १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या प्रत्येक घरगुती यंत्राला वाटेत काही आल्याचं ओळखून दार परत वर नेणारी सोय सक्तीची झाली. मुलीच्या गॅरेजमध्ये दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन छोट्या डोळ्यांसारखे दिवे पाहिले असतील. एकाकडून अदृश्य किरण निघतो, दुसरा तो घेतो, आणि मध्ये पाय, मांजर, चेंडू काहीही आलं की उतरणारं दार उलटं फिरतं. इथे हे सेन्सर मिळतात, पण ‘पाहिजे तर’ या सदरात. दरपत्रकात त्यांची ओळ नसेल तर ती लिहून घ्या. बसवल्यावर जमिनीवर एक जाड फळी आडवी ठेवून शटर त्यावर उतरवा. टेकल्या टेकल्या ते परत फिरायला हवं. अमेरिकी नियमात यासाठी दोन सेकंदांची मुदत आहे. आपल्याकडे दोनच अडचणी येतात. धुळीने सेन्सरची काच आंधळी होते, ती महिन्यातून एकदा फडक्याने पुसावी. आणि पार्किंग पश्चिमेला असेल तर संध्याकाळचं ऊन थेट घेणाऱ्या सेन्सरवर पडून शटर उगाच थांबतं. तेव्हा घेणारा सेन्सर सावलीच्या बाजूला लावायला सांगा.

बिलाचं विचारलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचाराल. शंभर किलो आठ फूट उचलायला लागणारी ऊर्जा इतकी थोडी आहे की कागदावर एका युनिटात शटर दीड हजार वेळा वर जाईल. गिअर आणि घर्षणात बरीच वाया गेली तरी महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही. उलट रिमोटची वाट पाहत चोवीस तास जागं असणारं सर्किट पाच वॉटचं धरलं तर तेच महिन्याला साडेतीन युनिटं खातं. शटर उघडण्यापेक्षा उघडण्याची वाट पाहणं महाग.

शेवटचं म्हणजे अर्थिंग. लोखंडी शटर, पावसाचं पाणी आणि वीज एकाच जागी येत आहेत. मोटरची वेगळी लाइन घ्या, तिला नीट अर्थिंग द्या आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-बंद स्विच लावा. यात काटकसर नको.

प्रश्न : बीड बायपासजवळ आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. पुढच्या सरकत्या गेटला तीन वर्षांपूर्वी मोटर बसवली. उन्हाळ्यात टकटक आवाज करते पण चालते. जुलै आला की अर्ध्यात बंद पडते. दर वेळी माणूस येतो, काहीतरी फिरवतो, आठवडाभर चालतं. कंपनी म्हणते व्होल्टेज कमी, वॉचमन म्हणतो पावसाचं पाणी शिरतं. खरं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं असेल. पण तुमच्याच पत्रात खरा साक्षीदार आहे, तो म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा यांतला फरक. व्होल्टेज पडायचं तर ते मे महिन्यात, घरोघरी कूलर आणि एसी चालू असताना जास्त पडेल. तेव्हा तर तुमचं गेट चालतं.

मला संशय आहे तो जमिनीचा. आपल्याकडे बऱ्याच वसाहती काळ्या मातीवर उभ्या आहेत. बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या या मातीत अशा जातीची चिकणमाती असते जी पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. इमारतीचा पाया खोल असतो म्हणून तिला फारसं कळत नाही. गेटचा रूळ आणि मोटरचा ओटा मात्र बहुधा फूट-दीड फूट खोदून, वर काँक्रीट टाकून मोकळा झालेला असतो. जूनच्या पावसाने माती फुगते, ओटा उचलला जातो आणि त्याच्याबरोबर मोटरही.

आता त्याचा परिणाम पाहा. गेटच्या खालच्या अंगाला दात्यांची लांब पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. मोटरचं दातेरी चाक तिच्यात फिरतं आणि गेट सरकतं. या दोन्हींच्या दातांमध्ये एक ते दोन मिलिमीटर फट हवी. गेटचं वजन रुळावरच्या चाकांनी पेलायचं, मोटरने फक्त ढकलायचं. ओटा दोन-तीन मिलिमीटर जरी वर आला तरी फट संपते आणि गेटचं वजन मोटरच्या चाकावर बसतं. मोटर तापते, आतला तापमान-रक्षक तिला बंद करतो, अर्ध्या तासाने थंड झाली की पुन्हा चालते. मार्चनंतर माती आक्रसली की ओटा खाली बसतो, फट वाढते, दाते निसटतात. तीच तुमची उन्हाळ्यातली टकटक.

येणारा माणूस ‘काहीतरी फिरवतो’ ते काय, हे नीट विचारा. सर्किटवर एक छोटा स्क्रू असतो, त्याने मोटरचा जोर कमीजास्त होतो. जोर वाढवला की मोटर ताण सोसून गेट रेटते आणि सगळे खूश होतात. पण वाटेत माणूस आल्यावर गेटने थांबायचं तेही याच जोराच्या मर्यादेवरून ठरतं. जोर शेवटापर्यंत नेऊन ठेवलेलं गेट कोणासाठी थांबत नाही. वॉचमनच्या पोराच्या सायकलसाठीही नाही.

करायचं असं. आधी चावीने मोटर सोडवा आणि गेट हाताने ढकला. एका माणसाच्या साध्या ढकलण्याने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं पाहिजे. कुठे अडलं तर दोष रुळात किंवा चाकांच्या बेअरिंगमध्ये आहे, मोटरला हात लावू नका. तुमच्याकडे पाण्याचे टँकर आत येतात का? या शहरात हा प्रश्न विचारायचीच गरज नाही म्हणा. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं आणि तो दर खेपेला तुमच्या रुळावरून जातो. रुळाखालचं काँक्रीट पोकळ असेल तर चाकोरीच्या जागी रूळ बसलेला दिसेल. गवंड्याची लांब पट्टी रुळावर आडवी धरली की अंधारातसुद्धा कळतं.

गेट हाताने मोकळं जात असेल तर मग रॅकचे बोल्ट सैल करून फट परत एक-दोन मिलिमीटर करायची. रॅकच्या भोकांना लांबट खाच याचसाठी दिलेली असते. हे काम जुलैत करून घ्या आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाहा. कायमचा उपाय हवा असेल तर ओटा फोडून, काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खोदून नवा पाया घ्यावा लागेल आणि रुळालगत पाणी निघून जायला चर. सोसायटीच्या सभेत हा खर्च मांडणं अवघड आहे, मला कल्पना आहे. पण तीन वर्षांची दुरुस्तीची बिलं जवळ घेऊन मांडा.

वॉचमनचं म्हणणंही सोडून देऊ नका. ओट्यातून वर येणाऱ्या तारांच्या पाइपाचं तोंड उघडं असेल तर पाण्याआधी मुंग्या आणि पाली आत जातात. सर्किटवर पाल चिकटून मेली की मोटर बंद, आणि दोष पावसावर. तोंड फोमने बुजवून टाका.

आणि हे आजच संध्याकाळी पाहा : रुळाच्या दोन्ही टोकांना गेट अडवणारे लोखंडी ठोकळे जागेवर आहेत का, वरचे गाइड रोलर आहेत का. टोकाचा ठोकळा गंजून गेलेला असेल आणि मोटर थांबायची लिमिट चुकली, तर गेट रुळावरून पुढे जाऊन आडवं पडतं. गेटखाली सापडून माणसं गेल्याच्या बातम्या येतात त्यात बहुधा हेच घडलेलं असतं.

प्रश्न : शेजारच्या बंगल्याच्या रिमोटने आमचंही गेट उघडतं. आधी वाटलं योगायोग, आता ते मुद्दाम दाबून हसतात. असं कसं होतं? चावीवाल्याने म्हणे दोन मिनिटांत रिमोट ‘कॉपी’ करून दिला.

उत्तर : शेजारी दिलखुलास आहेत हे तुमचं नशीब. तुमचे रिमोट स्थिर कोडचे आहेत. असा रिमोट दर वेळी एकच ठरलेला आकडा हवेत सोडतो आणि गेट तो ऐकून उघडतं. जुन्या रिमोटच्या पोटात आठ-दहा बारीक खटके असतात. आठ खटक्यांच्या २५६ रचना होतात, दहांच्या १,०२४. बसवणाऱ्याने कारखान्यातून आलेली रचना तशीच ठेवली, तर एकाच माणसाने बसवलेली गल्लीतली सगळी गेटं एकमेकांची भावंडं होतात. २०१५ मध्ये सॅमी कामकार नावाच्या अमेरिकी तज्ज्ञाने बाद झालेलं एक खेळणं वापरून दाखवलं की अशा गॅरेजसमोर उभं राहून सगळे कोड ओळीने सोडले तर दहा सेकंदांच्या आत दार उघडतं.

यावरचा तोडगा १९९० च्या दशकातच निघालेला आहे. बदलत्या कोडचा रिमोट प्रत्येक दाबाला नवा आकडा सोडतो. पुढचा आकडा काय येणार हे रिमोट आणि गेट दोघांनाही एका गुप्त सूत्रावरून माहीत असतं. एकदा वापरलेला आकडा गेट पुन्हा ऐकत नाही, म्हणून तो टिपून ठेवून उपयोग नाही आणि चावीवाल्याची साधी कॉपीही चालत नाही. सुट्टीत आलेल्या भाच्याने गावाला बसून शंभरदा बटण दाबलं तर मात्र रिमोट गेटच्या पुष्कळ पुढे निघून जातो आणि जोडी पुन्हा जुळवावी लागू शकते. तो बिघाड समजू नका.

मोटर बदलायची गरज नाही. बहुतेक वेळा नुसता रिसीव्हर आणि रिमोट बदलून भागतं. नवा बसवताना अँटेनाची तार लोखंडी डब्याबाहेर काढायला सांगा, नाहीतर रिमोट गेटला टेकवून दाबत बसावं लागेल.

प्रश्न : सिडकोत एन-७ ला आमचं जुनं रो-हाउस आहे. दोन पाखांचं दहा फुटी गेट आत उघडतं, पण नवी गाडी लांब असल्याने पाखं गाडीला लागतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो गेट बाहेर उघडू, दोन हातांची मोटर लावतो. लावू का?

उत्तर : नका लावू. कंपाउंडचं गेट पूर्णपणे आपल्याच हद्दीत उघडलं पाहिजे, रस्त्यावर किंवा फुटपाथवर नाही, असा बांधकाम नियमच आहे. तो नसता तरी स्वतःहून बाहेर येणारं पाख आणि शाळेतून सायकलवर परतणारी मुलं यांची गाठ घालू नये.

सिडकोने ही घरं आखली तेव्हा मोठी गाडी कोणाच्या हिशोबात नव्हती. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्या काळात घरापुढे स्कूटर उभी राहिली की पार्किंग झालं. पुढे २०१० मध्ये याच शहराने एकदम दीडशे मर्सिडीझ घेऊन देशभर नाव काढलं, पण एन-७ चे प्लॉट काही लांबले नाहीत.

सरकतं गेट करायचं तर गेटएवढी, म्हणजे दहा फूट आणि वर थोडी, मोकळी भिंत बाजूला हवी. रो-हाउसला ती बहुधा नसते. उरतं ते चार पाखांचं घडीचं गेट. प्रत्येक पाख अडीच फुटांचं होतं आणि आत निम्मीच जागा घेतं. त्यालाही मोटर लागते, पण खर्च आणि देखभाल दोन्ही वाढतात. तुम्ही गाडी दिवसातून एकदा बाहेर काढत असाल तर घडीचं गेट हातानेच चालवा. बिजागऱ्या बेअरिंगच्या घ्या आणि जमिनीवर चालणारं चाक शेवटच्या पाखाला लावा. ऑर्डर देण्याआधी गाडी नेहमीच्या जागी उभी करून तिच्या नाकापासून गेटपर्यंतचं अंतर मोजा. अडीच फुटांपेक्षा ते कमी भरलं तर घडीचं गेटही लागणारच. मग पाखं पाच करा, नाहीतर गाडी उलटी लावून पाहा. आणि इलेक्ट्रिशियन पुन्हा आला तर बोलण्याआधी त्याच्या हातात टेप द्या.